पट्टी गावात आहे

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र आणि लोहाच्या गोळ्या यांच्या सोबतीने एक छोटी, घट्ट झाकणाची बाटली असते. तिच्यात प्लास्टिकच्या अरुंद पट्ट्या असतात आणि पट्टीच्या टोकाला रंगाचे दोन चौकोन, एक साखरेचा आणि एक प्रथिनांचा. उपकेंद्र माण तालुक्यातले असो की जत तालुक्यातले, गरोदर बाई तपासणीला आली की तिच्या लघवीत ही पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचे, बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचे आणि तिच्या कार्डावर ‘अल्ब्युमिन निल’ किंवा ‘एक प्लस’ असे लिहायचे, ही रीत आता पक्की बसली आहे. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून जाणारे प्रथिन एकत्र दिसले तर पुढे झटके येण्याचा धोका असतो, हे सगळ्यांना पटलेले आहे. त्यामुळे या तपासणीवर कोणी वाद घालत नाही. पण त्याच बाईसोबत तिची सासू आलेली असते. तिला दहा वर्षांपासून साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे, संध्याकाळी पायांवर सूज येते. तिच्या बोटातून रक्त काढले जाते, दंडाला पट्टा बांधला जातो, पण ती लघवीची पट्टी तिच्यासाठी बाटलीबाहेर निघेलच असे सांगता येत नाही. या पुस्तिकेचा विषय हा एवढाच आहे. तो लहान दिसतो, पण सातारा-सांगलीतल्या अनेक घरांचे पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे गणित त्यावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे आणि ते का, हे या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

आधी मूत्रपिंडाचे काम समजून घेऊ. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सगळा पुन्हा रक्तात परत घेतात. गाळणीतून पाणी, मीठ, युरिया सहज जातात, पण अल्ब्युमिनसारखे मोठे प्रथिन अडते. याचे एक कारण छिद्रांचा आकार, आणि दुसरे म्हणजे गाळणीच्या भिंतीवरचा ऋण विद्युतभार, जो अल्ब्युमिनलाही असतो आणि म्हणून त्याला मागे ढकलतो. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते आणि त्यात अल्ब्युमिन तर ३० मिलिग्रॅमच्याही आत. वर्षानुवर्षे चढी साखर किंवा चढा दाब सोसून ही भिंत विरली की अल्ब्युमिन झिरपू लागते. या झिरपण्यात दुखत नाही, आग होत नाही, लघवीचा रंगही बदलत नाही. फेस येतो तो गळती बरीच वाढल्यावर. आपल्याकडे किडनी म्हटले की मुतखडा आठवतो, कंबरेतली कळ आठवते, कुळथाचे पाणी आठवते. ज्या आजाराने माणूस शेवटी डायलिसिसवर जातो तो मात्र बहुधा या सगळ्यातल्या एकाही खुणेने स्वतःची वर्दी देत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य या आजाराच्या बाबतीत पुरावा म्हणून धरता येत नाही.

यावर सहज येणारे उत्तर म्हणजे ‘आम्ही क्रिएटिनीन करतो’. विटा, कराड, इस्लामपूर, फलटण इथल्या कोणत्याही पॅथॉलॉजीत क्रिएटिनीन होते आणि डॉक्टरही ते लिहून देतात. पण क्रिएटिनीन हा मागाहून बोलणारा साक्षीदार आहे. मूत्रपिंडाच्या गाळण्यांची मोठी राखीव शक्ती असते. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या जास्त काम ओढतात आणि जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत रक्तातला क्रिएटिनीनचा आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतो. ज्यांच्या अंगावर मांस कमी, त्यांचे क्रिएटिनीन मुळातच कमी असते. माणदेशातल्या सडपातळ म्हातारीचा १.१ हा आकडा आणि तालमीतल्या पैलवानाचा १.१ हा आकडा यांचा अर्थ एक नाही. मधुमेहातली अल्ब्युमिनची गळती मात्र बहुतेकांत क्रिएटिनीन हलण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते. २०१२ साली ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाने दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची वर्गवारी करताना गाळण्याच्या वेगासोबत लघवीतले अल्ब्युमिन हा स्वतंत्र अक्ष मानला तो यासाठीच. लघवीतल्या एका ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन म्हणजे पहिला गट, ३० ते ३०० म्हणजे दुसरा, त्याच्या वर तिसरा. रक्तातले क्रिएटिनीन अगदी चांगले असूनही माणूस तिसऱ्या गटात असू शकतो. अशा माणसाचे मूत्रपिंड तर धोक्यात असतेच, हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही. लघवी पाहून रोगाचा अंदाज बांधण्याची परंपरा आपल्याकडेही होती. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथातल्या अष्टविध परीक्षेत मूत्रपरीक्षा आहे आणि लघवीवर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो हे पाहण्याची पद्धतही आहे. प्रथिनाचा धागा मात्र युरोपात सापडला. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी तापवली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली. १७६४ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, गोठणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसलेली बिघडलेली मूत्रपिंडे ही तिन्ही एका सूत्रात बांधली. चमचाभर लघवी मेणबत्तीवर धरायची, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. पुढे तीच लघवी परीक्षानळीत तापवून ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकण्याची पद्धत आली आणि आपल्या दवाखान्यांत ती कित्येक दशके चालली. १९५०च्या दशकात अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या कामातून बुडवायची पट्टी घडली. तिच्यातले रंगद्रव्य एरवी आम्लतेनुसार रंग बदलते. पट्टीवर आम्लता कायम ठेवलेली असते, त्यामुळे अल्ब्युमिन भेटले तरच पिवळ्याचे हिरवे होते. आणि गंमत पाहा, ब्राइट यांच्याच गाइज हॉस्पिटलमधून १९८२ मध्ये जानकार्लो व्हिबेर्ती आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पट्टीलाही न दिसणारी, अगदी थोडी गळती मधुमेहींच्या पुढच्या मूत्रपिंडविकाराचे भाकीत करते. चमच्यातल्या साक्यापासून मिलिग्रॅमपर्यंत प्रवास झाला, पण प्रश्न तोच राहिला: गाळणी गळते आहे का?

गळते आहे हे कळून करायचे काय, हा या विषयातला सर्वात रास्त आक्षेप आहे. उपाय नसेल तर निदान ही नुसती धास्ती. तीस-चाळीस वर्षांपूर्वी या आक्षेपाला फारसे उत्तर नव्हते. आता आहे. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या औषधाच्या चाचणीत, प्रथिन गळणाऱ्या इन्सुलिनवरच्या मधुमेहींमध्ये मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्याने घटला. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन या औषधांनी प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो हे दिसले. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ४,३०४ रुग्ण होते. त्या सगळ्यांच्या लघवीत अल्ब्युमिन होते, पण सुमारे एक तृतीयांश जणांना मधुमेहच नव्हता. मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका त्यात ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी या औषधाचे भारतातले पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. या चाचण्यांमधली एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. त्यांत माणसे निवडली गेली ती लघवीतल्या प्रथिनावरून. म्हणजे औषधाचा फायदा कोणाला सर्वात जास्त होईल हे सांगणारी खूण लघवीतच आहे आणि ती न पाहता औषध देणे म्हणजे चष्म्याचा नंबर न काढता चष्मा देणे.

इथे साताऱ्याचे उदाहरण मुद्दाम घ्यावेसे वाटते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यातल्या महाराष्ट्राच्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये सातारा होता. ठरावीक औषधे, ठरावीक क्रम, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि महिन्यामागून महिना पाठपुरावा, अशी त्याची रचना. औषधांच्या क्रमात साधारणपणे आधी ॲम्लोडिपिन आणि दाब आटोक्यात आला नाही तर टेल्मिसार्टन. सरसकट सगळ्यांसाठी हा क्रम उत्तम आहे. साधेपणामुळेच तो प्राथमिक आरोग्य केंद्रात चालतो. पण ज्याच्या लघवीतून प्रथिन जाते त्याला टेल्मिसार्टन पहिल्यांदा मिळायला हवे, कारण ही गोळी दाब उतरवतेच आणि गाळणीवरचा आतला ताणही कमी करते. ॲम्लोडिपिनने दाब १३० वर आला तर कार्डावर सगळे ठीक दिसेल आणि गळती मात्र चालूच राहील. गोळी कपाटात आहे, पट्टी पिशवीत आहे, रुग्णाचे कार्ड टेबलावर आहे. या तिघांची गाठ घालण्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. कार्डावर एक रकाना लागतो. (सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पाहावे लागते आणि गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, हे पथ्य पुस्तिकेत पुढे सविस्तर आहे.)

आता पट्टीच्या विश्वासार्हतेवरचे आक्षेप. ते खरे आहेत आणि लपवण्यात अर्थ नाही. पट्टी प्रथिनाची तीव्रता मोजते, दिवसभरातले एकूण प्रमाण नाही. कडक उन्हात पाणी न पिता आलेल्या माणसाची लघवी दाट असते, तिच्यात निरोगी असूनही ‘ट्रेस’ दिसते. तांब्याभर पाणी पिऊन आलेल्याची लघवी पातळ असते, त्याची खरी गळतीही पट्टीला दिसत नाही. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, फार श्रम यांनी तात्पुरते प्रथिन दिसते. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’च लागलेले आहे. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे या दोन्ही जिल्ह्यांत कुठेही दिसतील. अशा एखाद्याची लघवी धावण्यानंतर लगेच तपासली तर पट्टी हिरवी होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी विश्रांतीनंतर ती पिवळीच राहील. त्याला किडनीचा रुग्ण ठरवणे हा अन्याय. पट्टी अल्ब्युमिनच ओळखते, त्यामुळे मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगातली वेगळी प्रथिने तिच्या नजरेतून सुटतात. आणि मधुमेहातली सुरुवातीची गळती तिच्या आवाक्याबाहेर आहे. पट्टीचा ‘एक प्लस’ म्हणजे दर डेसिलिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम. सुरुवातीच्या गळतीत हे प्रमाण त्याच्या एक दशांशही असू शकते.

पण या दोषांमुळे पट्टी टाकून द्यायची असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की पट्टीवरून निकाल द्यायचा नाही, पुढचे पाऊल ठरवायचे. पहाटेची पहिली लघवी घ्यावी. प्लस आला तर प्रयोगशाळेत अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर, म्हणजे एसीआर, करावे. लघवीतल्याच क्रिएटिनीनशी तुलना केल्यामुळे लघवी दाट की पातळ हा प्रश्न उरत नाही. तीन महिन्यांच्या अंतराने गळती कायम दिसली तरच तिला आजार म्हणावे. मधुमेहींच्या बाबतीत पट्टी ‘निल’ आली तरी वर्षातून एकदा एसीआर व्हायलाच हवे, आणि प्रौढपणी झालेल्या मधुमेहात ते निदानाच्या दिवसापासूनच, कारण साखर सापडली त्या दिवशी ती सुरू झालेली नसते.

मग सगळ्या गावाचीच तपासणी का करू नये? जपानने १९७४ पासून शाळकरी मुलांच्या लघवीची दरवर्षी तपासणी केली आणि ती आजही चालू आहे. उलट अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने २०१३ मध्ये, कोणतीही जोखीम नसलेल्या निरोगी माणसांची अशी तपासणी करू नये, असा सल्ला दिला. मला या बाबतीत दुसरी बाजू जास्त पटते. आपल्याकडच्या ‘सीक’ या पाहणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, १७.२ टक्के लोकांना दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असल्याचे दिसले होते. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. पण तो एकाच वेळच्या तपासणीवर उभा आहे आणि शिबिरांना येणाऱ्या लोकांवर. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले असते तर तो उतरला असता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आकडे फुगवून आपली बाजू बळकट होत नाही. साखर, बीपी, घरात कोणाला किडनीचा आजार, पूर्वी गरोदरपणात प्रथिन गेलेले, वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शने घेतलेली, एवढ्यांची तपासणी नेमाने झाली तरी मोठे काम होईल. देशात मधुमेही सुमारे दहा कोटी आहेत, असे २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने सांगितले. त्यांच्यातच हात पुरणार नाहीत.

हे खेड्यात जमते का, याचे उत्तर भारतातच दिले गेले आहे. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात काम करून पुढे चेन्नईला गेलेले मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या मार्फत तमिळनाडूतल्या खेड्यांत घरोघर तपासणी केली. गावातल्याच मुलींना शिकवले. त्यांनी रक्तदाब मोजला, सल्फोसॅलिसिलिक आम्लाने लघवीतले प्रथिन पाहिले, बेनेडिक्टच्या द्रावणाने साखर पाहिली. पट्टी महाग म्हणून तीही वापरली नाही. ज्यांच्यात दोष सापडला त्यांना जुनी, स्वस्त औषधे दिली आणि पुन्हा पुन्हा पाहिले. जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या नियतकालिकांत हे काम छापले गेले. त्या मुलींपेक्षा आपल्या आशाताईंचे आणि नर्सबाईंचे प्रशिक्षण कमी नाही. मात्र आशाताईंवर आधीच किती रजिस्टरे लादलेली आहेत हे माहीत असताना त्यांच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवा, असे मी म्हणणार नाही. तपासणी व्हावी ती केंद्रात, बीपी-शुगरच्या दिवशी, रुग्ण तसाही गोळ्या न्यायला येतो तेव्हा. त्यात संकोच ही खरी अडचण आहे. बोट पुढे करणारा पुरुष लघवीची बाटली हातात धरून ओळीत उभा राहत नाही. केंद्रात स्वच्छ, कडी लागणारे शौचालय नसेल तर बाई तर नाहीच. या साध्या गोष्टीवर कार्यक्रम अडतात आणि अहवालात त्याचे कारण ‘प्रतिसाद अल्प’ असे लिहिले जाते.

एक मर्यादा मात्र या भागात विशेष जपून सांगितली पाहिजे. कृष्णा-वारणेच्या काठी कारखान्यांची धुराडी पेटली की बीडहून, नगरहून, आणि जत-आटपाडीसारख्या जवळच्या कोरडवाहू तालुक्यांतूनही ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात, आणि नवरा-बायकोचा एक कोयता पहाटेपासून उन्हात राबतो. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात काम करणाऱ्या तरुण मजुरांमध्ये, मधुमेह नसताना, बीपी नसताना, मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदले गेले. उष्णता, पाण्याचा तुटवडा, अतिश्रम हे त्याचे संशयित आहेत. आंध्रातल्या उद्दानम भागातही कारण न उलगडलेला असाच विकार आहे. या विकारात लघवीतले प्रथिन फार कमी असते किंवा नसतेच. म्हणजे ज्या माणसाला सर्वात जास्त जपायला हवे त्याच्याच बाबतीत आपली पट्टी पिवळी राहून खोटा दिलासा देऊ शकते. कोयत्यावरच्या माणसाला क्रिएटिनीन हवे, पाण्याची टाकी हवी, दुपारची सावली हवी, आणि पाठ दुखते म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकला आवर हवा. प्रथिनाची बाजू मांडणाऱ्या पुस्तिकेनेच हे सांगितले नाही तर ती अर्धवट ठरेल.

एका गैरसमजाचाही उल्लेख करतो. ‘प्रोटीन जातंय’ हे ऐकल्यावर घरात अंडी आणि प्रोटीन पावडर सुरू होते, किंवा उलट डाळीसकट सगळे बंद होते. दोन्ही चूक. दोष ताटात नाही, गाळणीत आहे, आणि तिच्यावर इलाज साखर, दाब, मीठ आणि वर सांगितलेली औषधे यांचा आहे.

मिरजेचे नाव दवाखान्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दूरवर गेले, ते विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलमुळे. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय झाले आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च मिळतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस, दर वेळी सुमारे चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी मात्र कोणत्याही योजनेत मिळत नाही. ‘मिरजेला नेलं’ हे शब्द आपल्याकडे फार उशिरा उच्चारले जातात. ते उच्चारण्याच्या दहा वर्षे आधी गावातच काय दिसू शकले असते, हे पुढची पाने सांगतात.

ती वाचण्याआधी वाचकाने एक करावे. घरात ज्याला साखर किंवा बीपी आहे त्याची फाइल काढावी आणि गेल्या वर्षभरातल्या कागदांत लघवीच्या अल्ब्युमिनपुढे काय लिहिले आहे ते शोधावे. ती ओळ सापडली नाही, तर उद्याची पहाटेची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन केंद्रात जावे आणि पट्टी मागावी.